नॅशव्हिलला जायचंय? आधी कान तयार करा

शुक्रवारी दुपारी अटलांटाहून निघायचं, चार तासांत टेनेसीतलं नॅशव्हिल, म्हणजे कंट्री या अमेरिकी ग्रामीण संगीताचं गाव, गाठायचं, रात्री ब्रॉडवे या बारच्या रस्त्यावर एक चक्कर, शनिवारी पार्थेनॉनच्या प्रतिकृतीसमोर फोटो, रविवारी परत. अमेरिकेच्या आग्नेय भागात राहणाऱ्या मराठी मंडळींची नॅशव्हिलची सहल बहुधा अशी होते आणि परत आल्यावर "ठीक आहे, गर्दी फार" एवढंच ऐकायला मिळतं. माझी पहिली फेरीही तशीच झाली. तीनतीन मजली बारच्या रांगेतून हिंडलो, एका गाण्याचा एक शब्द कळला नाही आणि पार्किंगला जेवणाइतके पैसे मोजले.

दुसऱ्या खेपेला एका ओळखीच्यांनी हाताला धरून एका लहानशा खोलीत नेऊन बसवलं. मधोमध चार माणसं गिटारी घेऊन गोल करून बसलेली, भोवती दाटीवाटीने श्रोते, कुणी ग्लाससुद्धा वाजू देत नव्हतं. त्यातल्या एकाने आपण हे गाणं कुठल्या दिवशी, कुणाच्या घरातून निघाल्यावर लिहिलं ते सांगितलं आणि मग गायलं. आवाज बेताचा होता, पण शब्द न् शब्द पोहोचला. हे गाव मुळात गाणी लिहिणाऱ्यांचं आहे हे त्या रात्री कळलं. म्हणून पुढचा सगळा बेत मी ऐकण्याभोवती रचला आहे. बघण्याच्या जागा येतील, पण मधल्या वेळात.

पायरी १: आधी संध्याकाळी ठरवा, मग विमान

बहुतेक लोक विमान आणि हॉटेल पक्कं करतात आणि मग कार्यक्रम शोधायला बसतात. इथे उलट करा. चांगल्या जागा लहान आहेत आणि त्यांचे वार ठरलेले आहेत.

ग्रँड ओल ऑप्री हा इथला सर्वांत जुना कार्यक्रम प्रामुख्याने मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी असतो. स्टेशन इन या ब्लूग्रासच्या, म्हणजे तंतुवाद्यांवरच्या जलद कंट्रीच्या, अड्ड्यावर रविवारी रात्री जॅम असतो. ज्याला वाजवता येतं तो वाद्य घेऊन येतो आणि घोळक्यात बसतो. ब्लूबर्ड कॅफे या गाणी लिहिणाऱ्यांच्या छोट्या जागेत सोमवारी बहुधा ओपन माइक असतो, म्हणजे नव्यांसाठी मोकळा मंच. म्हणून माझा आवडता बेत शनिवार ते मंगळवार. शनिवारी ऑप्री, रविवारी स्टेशन इन, सोमवारी ब्लूबर्ड. शिवाय शुक्रवार-शनिवारचे इथले हॉटेलचे दर डोळे पांढरे करतात, रविवार-सोमवारी ते बरेच खाली येतात. सुट्टी दोन दिवस जास्त टाकावी लागते, पण ती वसूल होते. वार बदलू शकतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या त्या जागेच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

ऋतू म्हणाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकचिक असते. वसंतात या भागात चक्रीवादळं (टॉर्नेडो) येतात, ती आपल्या किनाऱ्यावर येतात तशी नव्हेत, पंधरा मिनिटांत येऊन घरं उचलणारी असतात. फोनवर इशारा वाजला तर खिडकीत उभं राहून व्हिडिओ काढू नका, खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत जा. जूनच्या सुरुवातीला सीएमए फेस्ट हा कंट्री संगीताचा महोत्सव असतो; त्याची सुरुवात १९७२ची. कंट्रीचे पक्के चाहते असाल तर तेव्हाच जा. नसाल तर ते दिवस टाळा, कारण गावात मुंगीलाही जागा उरत नाही.

ब्लूबर्डच्या जागा महिनामहिना आधी मिळत नाहीत. कार्यक्रमाच्या साधारण आठवडाभर आधी त्या ऑनलाइन खुल्या होतात आणि काही मिनिटांत संपतात. तत्काळचं तिकीट काढायची सवय असलेल्यांना वेगळं सांगायला नको: खातं आधी उघडून ठेवा आणि वेळेवर बोट तयार ठेवा.

पायरी २: कान तयार करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सगळी गाणी सारखीच वाटतात. निघण्याआधी आठवडाभर, गाडी चालवताना किंवा भांडी घासताना, थोडं ऐकून घ्या. १९२७ साली ब्रिस्टल या टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या गावात ज्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स; मग हँक विल्यम्स; मग किटी वेल्स, पॅट्सी क्लाइन आणि लोरेटा लिन या बायका; जॉनी कॅश, चार्ली प्राइड, डॉली पार्टन. प्रत्येकाची दोनदोन गाणी पुरेत. डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र, ज्याच्या स्टुडिओत ऑप्रीचा जन्म झाला, ते इंटरनेटवरही ऐकता येतं.

ऐकताना वाद्यं वेगळी काढायचा खेळ करा. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, धरण्याची आणि वाजवण्याची ढब वेगळी. ते आयर्लंड-स्कॉटलंडच्या स्थलांतरितांबरोबर आलं. बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेत. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते इथे घडवलं. या दोन वाद्यांच्या शेजाराशेजारी बसण्यातून या संगीताचा पाया पडला. आणि पेडल स्टील गिटार, ते रडवेलं, लांबत जाणारं वाद्य. आडव्या ठेवलेल्या तारांवर धातूचा दांडा सरकतो, पायातल्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या खिट्ट्यांनी सूर ओढले जातात. आपल्या कानाला ही चक्क मींड आहे. कंट्रीतलं दुसरं काही नाही भावलं तरी हे वाद्य मराठी माणसाला भावतंच, असा माझा अनुभव.

घरात कुणी पेटी वाजवत असेल तर त्याच्यासाठी आणखी एक गंमत. इथले स्टुडिओतले वादक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, अक्षरांनी लिहीत नाहीत, आकड्यांनी लिहितात. १, ४, ५ असा कागद समोर असतो. म्हणजे सा, म आणि प यांवर उभे राहणारे कॉर्ड. गायिका ऐनवेळी म्हणाली, "आज गळा बसलाय, अर्धा सूर खाली घ्या," तरी कागद बदलावा लागत नाही, फक्त सा बदलतो. पांढरी चारमध्ये बसवलेलं गाणं काळी तीनमध्ये न्यायचं तर आपला पेटीवाला हेच करतो. १९५०च्या दशकात इथे रुजलेल्या या पद्धतीला नॅशव्हिल नंबर सिस्टिम म्हणतात. ब्रॉडवेवर वादक एकमेकांना हवेत बोटं दाखवताना दिसले की समजा, कॉर्ड सांगणं चाललंय.

पायरी ३: मुक्काम आणि फिरणं

भारतातून येणाऱ्यांना थेट विमान नाही. शिकागो, अटलांटा, न्यूयॉर्क अशा ठिकाणी बदलून यावं लागतं. विमानतळ गावापासून १३ किलोमीटरवर आहे. तिथून १८ नंबरची सरकारी बस, वीगो तिचं नाव, दोन डॉलरमध्ये मध्यवस्तीत आणून सोडते. सामान कमी असेल तर ती घ्या. अटलांटाहून गाडीने येत असाल तर वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे जाताना एक तास फुकट आणि येताना तो परत द्यायचा.

राहायचं कुठे? मध्यवस्तीत, पण ब्रॉडवेच्या अगदी डोक्यावर नको. रात्री दोन-अडीचपर्यंत खालून ढोल ऐकू येतात. आठ-दहा मिनिटं चालत अंतरावर राहिलात की दिवसा गाडी लागत नाही. गाडी आणली असेल तर ती हॉटेलवरच राहू द्या. इथलं पार्किंग फोनवर पैसे भरून असतं, दर गर्दीनुसार वाढतात आणि पाटीवरची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा केला तर दंडाचं पत्र घरी येतं. मला आलं होतं.

रात्रीच्या वेळी उबर किंवा लिफ्ट. कार्यक्रम सुटल्यावर दारातच गाडी बोलावू नका, दोन चौक चालून पुढे जा. भाडं उतरतं आणि चालकही सापडतो.

पायरी ४: शनिवार, संग्रहालय आणि ऑप्री

सकाळी कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम. तिकीट साधारण तीस डॉलरच्या पुढे, वेळ किमान तीन तास. १९६७ साली म्युझिक रो भागात सुरू झालेलं हे संग्रहालय २००१ मध्ये सध्याच्या इमारतीत आलं. इमारतीच्या खिडक्या पियानोच्या पट्ट्यांसारख्या उभ्या काळ्या आहेत, हे रस्ता ओलांडून पलीकडून पाहिल्यावर दिसतं.

आत काय बघायचं? एल्व्हिस प्रेस्लीची सोनेरी कॅडिलॅक आणि गायक वेब पिअर्सची १९६२ची पाँटिअॅक गाडी, जिच्या अंगभर चांदीचे डॉलर ठोकलेत आणि दारांच्या मुठी म्हणून पिस्तुलं लावलीत. खडे आणि भरतकाम केलेले गायकांचे कोट. ही सगळी झगमग बघून नाक मुरडू नका; दारिद्र्यातून वर आलेल्या, कोळशाच्या खाणीच्या आणि कापसाच्या शेताच्या कडेला वाढलेल्या माणसांची ही हौस आहे. मला मात्र तिथे जास्त वेळ लागतो तो हाताने लिहिलेल्या गाण्यांच्या कागदांपुढे. खाडाखोड, हॉटेलच्या कागदावरची ओळ, बाजूला मांडलेला हिशेब.

तिकीट काढताना आरसीए स्टुडिओ बी सोबत घ्या. तो पाहायला संग्रहालयाच्या बसनेच जावं लागतं, स्वतंत्र प्रवेश नाही. १९५७चा हा स्टुडिओ बाहेरून एखाद्या गोदामासारखा दिसतो. एल्व्हिसने इथे दोनशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. जमिनीवर एक खूण आहे, खोलीतला सूर जिथे सर्वांत चांगला लागतो ती जागा दाखवणारी. डॉली पार्टन पहिल्यांदा आली तेव्हा घाईत गाडी भिंतीवर आपटली, ती खूणही बाहेर दाखवतात. गाइड दिवे मंद करतो आणि त्याच खोलीत मुद्रित झालेलं एक गाणं लावतो. तेव्हा फोन खिशात ठेवा.

संग्रहालयाच्याच आवारात हॅच शो प्रिंट आहे, १८७९ पासून चालू असलेला लाकडी ठशांचा छापखाना. आपल्याकडे जत्रेच्या गावी भिंतीवर तमाशाच्या फडाचं ठसठशीत पोस्टर लागायचं ना, त्याच जातीचं काम. इथून नेण्यासारखी एकच वस्तू निवडायची झाली तर मी इथलं पोस्टर निवडेन. टोप्या आणि बूट ब्रॉडवेवर ढिगाने आहेत. पुण्यात-नाशकात ते घालून जाणार कुठे?

संध्याकाळी ऑप्री. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी डब्ल्यूएसएम केंद्रावरून जिमी थॉम्पसन नावाच्या वयोवृद्ध फिडलवाल्याला बसवून हा कार्यक्रम सुरू झाला. केंद्र एका विमा कंपनीचं होतं. ग्रामीण घरांत रेडिओवरून शिरायचं आणि मागोमाग एजंटाने पॉलिसी घेऊन जायचं, असा सरळ व्यवहार. आजही कार्यक्रम रेडिओवर प्रसारित होतो आणि निवेदक मंचाच्या कडेला उभा राहून जाहिराती वाचतो. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, मग मजा येते.

दोन तासांत सात-आठ कलाकार येतात, प्रत्येकाची दोन-तीन गाणी. एखादा ऐंशीचा म्हातारा, पाठोपाठ पहिल्यांदाच उभी राहिलेली मुलगी, मध्ये विनोदी किस्से सांगणारा कुणी. नवख्या श्रोत्याला यापेक्षा चांगली ओळख नाही, कारण पाच मिनिटांत नाही आवडलं तर माणूस बदलतो. मंचाच्या मधोमध सहा फुटांचा ओकच्या लाकडाचा एक गोल आहे. तो जुन्या नाट्यगृहातून, रायमनमधून, १९७४ साली कापून आणला. गायक त्यावर पाऊल ठेवताना क्षणभर थबकतात ते नीट बघा. मे २०१०च्या पुरात या मंचावर जवळपास चार फूट पाणी होतं. गोल काढून सुकवला आणि पुन्हा बसवला.

ऑप्री हाउस मध्यवस्तीपासून पंधरा किलोमीटरवर आहे. तासभर आधी निघा. शेजारचं भलंमोठं हॉटेल, काचेच्या छताखालच्या बागांचं, आत फिरायला पैसे पडत नाहीत. आईवडील सोबत असतील तर दुपार तिथे छान जाते.

पायरी ५: रविवार, रायमन, ब्रॉडवे आणि स्टेशन इन

सकाळी उघडताच रायमन गाठा. टॉम रायमन हा नदीतल्या वाफेच्या बोटींचा मालक. १८८५ मध्ये सॅम जोन्स नावाच्या प्रवचनकाराचा तंबू गावात पडला, त्याची टिंगल करायला म्हणून हा गेला आणि टाळकरी होऊन परत आला. मग त्याने त्या प्रवचनकारासाठी ही वास्तू बांधवली, १८९२ साली. म्हणून आत खुर्च्यांऐवजी चर्चचे लाकडी बाक आहेत आणि खिडक्यांना रंगीत काचा. १९४३ ते १९७४ ऑप्री इथेच होत असे.

गॅलरीत वर जाऊन मधल्या बाकावर पाच मिनिटं नुसतं बसा. वातानुकूलन नव्हतं, उन्हाळ्यात लोक हातपंख्यांनी वारा घेत गाणी ऐकायचे. बायकांना कपडे बदलायला स्वच्छतागृहाखेरीज खोली नव्हती. जून १९४९ मध्ये हँक विल्यम्स इथे पहिल्यांदा उभा राहिला आणि एकाच गाण्याला सहा वेळा वन्स मोअर घेतला. आपल्या संगीत नाटकांच्या वन्स मोअरच्या कथा ऐकत वाढलेल्यांना त्या रात्रीचं वातावरण डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, दारूपायी त्यालाच ऑप्रीने काढून टाकलं आणि १ जानेवारी १९५३ रोजी तो गेला, २९ वर्षांचा.

ऑप्री नव्या जागी गेल्यावर ही वास्तू पडायला आली होती. गायिका एमिलू हॅरिसने १९९१ मध्ये इथे कार्यक्रम मुद्रित केला तेव्हा धोका म्हणून जेमतेम दोनशे माणसांनाच आत सोडलं. त्यानंतर डागडुजीला जोर आला आणि १९९४ मध्ये दारं पुन्हा उघडली. रात्री इथे कुणाचाही कार्यक्रम असो, अगदी कंट्री नसला तरी, तिकीट मिळत असेल तर घ्या. लाकडात मुरलेला तो नाद मोठ्या स्टेडियमात मिळत नाही.

रायमनच्या बाजूच्या गल्लीतून बाहेर पडलात की टूट्सीज या बारचं मागचं दार. ऑप्रीचे कलाकार दोन प्रवेशांच्या मधे याच गल्लीतून गुपचूप सटकायचे. पुढच्या बाजूने ती जांभळी इमारत ब्रॉडवेवर उघडते.

आता ब्रॉडवेबद्दल माझं स्पष्ट मत: इथे सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात या. हॉंकीटॉंक नावाचे हे बार सकाळी दहा-अकरापासून पहाटेपर्यंत चालतात, एक संच उठला की दुसरा बसतो. दुपारी वाजवणारे रात्रीच्यांपेक्षा तसूभरही कमी नसतात, गर्दी निम्मी असते आणि बसायला जागा मिळते. बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट. मुलं आणि आजीआजोबा सोबत असतील तर दुपारच बरी, कारण संध्याकाळी सहानंतर बऱ्याच ठिकाणी २१ वर्षांखालच्यांना घेत नाहीत. ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवा, पांढऱ्या केसांच्यांनीही. दारावरचा माणूस केस बघत नाही. भारतीय पासपोर्ट चालतो.

गायकांच्या नावाने निघालेले नवे पाचमजली बार मी टाळतो. जुन्या वळणाचं ऐकायचं तर रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड. इथे पूर्वी बुटांचं दुकान होतं, भिंतीवर बुटांच्या रांगा अजून आहेत, आणि संच वाजवतात ते पन्नास-साठच्या दशकातलं.

इथे बादलीचा नियम समजून घ्या. या वादकांची कमाई मुख्यतः श्रोत्यांनी दिलेल्या पैशांवर चालते. तीन-चार तासांच्या बैठकीत मधूनमधून कुणीतरी बादली घेऊन फिरतं. ती आली की खिडकीबाहेर बघू नका. माणशी पाच डॉलर टाका, जास्त बसलात तर जास्त. फर्माईश करायची तर वीसची नोट हवी. संगीतबारीतली दौलतजादा ठाऊक असलेल्याला यात नवल नाही, फक्त इथे नोट उधळायची नसते, मुकाट्याने बादलीत जाते. निघतानाच बँकेतून सुटे घ्या. एक आणि पाचच्या नोटांचं पुडकं या गावात क्रेडिट कार्डापेक्षा उपयोगी पडतं.

तीन वाजले की गर्दी चढू लागते, पायडल मारत दारू पिणाऱ्यांच्या गाड्या आणि लग्नाआधीच्या मैत्रिणींचे थवे रस्ता भरून टाकतात. तेव्हा रस्त्यापलीकडच्या आफ्रिकन अमेरिकन संगीताच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरा. ते जानेवारी २०२१ मध्ये उघडलं. कंट्री म्हणजे गोऱ्यांचं संगीत हा समज इथे सुटतो. ऑप्रीच्या पहिल्या मोठ्या कलाकारांपैकी एक डीफोर्ड बेली हा काळा हार्मोनिकावादक होता. १९२७ साली त्याने आगगाडीचा आवाज काढणारी एक धून वाजवली आणि त्याच प्रसारणात निवेदक जॉर्ज हे यांनी, आधी झालेल्या भारदस्त ऑपेराच्या कार्यक्रमाची थट्टा करत, 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव उच्चारलं. १९४१ मध्ये त्या बेलीलाच काढून टाकलं. उरलेलं आयुष्य त्याने बूट पॉलिशचं दुकान चालवलं. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव २००५ साली लागलं, तो जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर. आदल्या दिवशी संग्रहालयात त्याची पाटी न बघता पुढे गेला असाल तर इथे आल्यावर चुटपुट लागते.

संध्याकाळी स्टेशन इन. १९७४ साली सुरू झालेली आणि १९७८ पासून या दगडी बैठ्या इमारतीत असलेली ही जागा आता काचेच्या टोलेजंग इमारतींच्या मधोमध हट्टाने बसून आहे. रविवारचा जॅम फुकट असतो. फिडल, बँजो, मँडोलिन, उभा बास, सगळे गोल करून बसतात आणि नजरेच्या इशाऱ्यावर एकेक जण पुढे येऊन वाजवतो. लवकर जा, जागा आरक्षित होत नाही. भजनी मंडळात बसून टाळ धरलेल्या माणसाला इथलं सगळं न सांगता कळतं.

पायरी ६: सोमवार, थोडं हिंडणं आणि ब्लूबर्ड

सोमवारी काही संग्रहालयं बंद असतात, त्यामुळे हा दिवस मोकळा ठेवा. सेंटेनिअल पार्कातलं पार्थेनॉन, अथेन्सच्या मंदिराची पूर्ण आकाराची प्रतिकृती, बाहेरून बघून होतं. १८९७च्या प्रदर्शनासाठी ते उभारलं आणि नंतर काँक्रिटमध्ये पक्कं केलं. आतली अथेना बघायची तर आधी वेळ तपासा. म्युझिक रोवर, म्हणजे १६व्या आणि १७व्या अॅव्हेन्यूवर, जुन्या बंगल्यांमध्ये प्रकाशक आणि स्टुडिओ आहेत. पाहण्यासारखं फार नाही, पण रोज सकाळी दहाला दोघे-तिघे लेखक ठरवून भेटतात आणि ऑफिसला जावं तसं गाणं लिहायला बसतात, ते या घरांमध्ये.

फिस्क विद्यापीठाचा ज्युबिली हॉल वाट वाकडी करून बघावा असा आहे. गुलामीतून सुटलेल्यांसाठी १८६६ मध्ये निघालेली ही शाळा पैशांअभावी बंद पडायला आली, तेव्हा १८७१ मध्ये विद्यार्थ्यांचा गायकवृंद दौऱ्यावर निघाला. इंग्लंडच्या राणीपुढे गाऊन आले, आणि त्या कमाईतून ही इमारत उभी राहिली. नॅशव्हिल म्हणजे कंट्री हे समीकरण जुळण्याच्या कितीतरी आधी या गावाचं नाव गाण्यासाठी परदेशात पोहोचलं ते या मुलांमुळे.

गणपतीच्या दिवसांत आलात किंवा सोबतच्या आईला देवळात जायचंच असेल, तर शहराच्या नैर्ऋत्येला ओल्ड हिकरी बुलेव्हार्डवर श्री गणेश मंदिर आहे, दाक्षिणात्य धाटणीच्या शिखरांचं.

संध्याकाळी ब्लूबर्ड कॅफे. १९८२ पासूनची ही जागा ग्रीन हिल्स भागात, साध्या दुकानांच्या ओळीत आहे; पहिल्यांदा आम्ही समोरून गाडी पुढे नेली. आत नव्वदच्या आसपास माणसं मावतात. गार्थ ब्रुक्स आणि पुढे टेलर स्विफ्ट यांच्याकडे संगीत कंपन्यांचं लक्ष गेलं ते इथे. पण जायचं ते मोठ्या नावांसाठी नव्हे. इथली खरी गंमत गोल बैठकीची: चार लेखक मध्ये बसतात, आळीपाळीने गाण्याची जन्मकथा सांगतात आणि गातात. रेडिओवर कुणा तारकेच्या आवाजात ऐकलेलं गाणं, ज्याने लिहिलं त्याच्या घोगऱ्या आवाजात ऐकू येतं. विंदा, बापट आणि पाडगावकर या त्रयीच्या काव्यवाचनाबद्दल घरच्या मोठ्यांकडून ऐकलं असेल, तर त्या धर्तीवर विचार करा. सोमवारच्या ओपन माइकला नवे लोक एक-दोन गाणी म्हणतात. दहापैकी सात कच्ची असतात, आठव्याला अंगावर काटा येतो.

नियम एकच, बोलायचं नाही. कुजबुजलात तरी शेजारचा अनोळखी माणूस ओठांवर बोट ठेवतो. लहान मुलांना इथे आणू नका. जागा मिळालीच नाही तर लिसनिंग रूम कॅफे नावाची दुसरी जागा मध्यवस्तीजवळ आहे. ती मोठी, तिथे जेवणही मिळतं आणि तिकीट सहज मिळतं.

पोटाचं काय?

हॉट चिकन हा इथला शोध. प्रिन्स नावाच्या माणसाच्या मैत्रिणीने, रात्रभर बाहेर राहिल्याचा राग म्हणून कोंबडीवर तिखटाचा मारा केला आणि त्याला ते इतकं आवडलं की त्याने दुकानच काढलं, अशी कथा सांगतात. पांढऱ्या पावावर ठेवलेला तुकडा, वर काकडीचं लोणचं. "आपण कोल्हापूरचे, आपल्याला काय तिखट" असं म्हणत सर्वांत वरची पायरी मागू नका. आपला तांबडा रस्सा मसाल्याने आणि खोबऱ्याने सावरलेला असतो. इथे गरम तेलात कालवलेली लाल मिरची थेट लावतात. मीडियमपासून सुरुवात करा, मग शौर्य दाखवा.

शाकाहाऱ्यांनी मीट अँड थ्री (एक मांसाचा पदार्थ आणि तीन जोडपदार्थ) प्रकारच्या खाणावळीत फक्त भाज्यांचं ताट मागावं: भेंडीचे तळलेले काप, मॅकरोनी, रताळी, मक्याचा पाव. पण घेवडा आणि पालेभाज्या बहुधा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासोबत शिजवतात, आणि हे पाटीवर लिहिलेलं नसतं. "यात मांस आहे का?" असं विचारलंत तर नाही म्हणतील, कारण वाढताना तुकडा काढलेला असतो. "कशात शिजवलंय?" असं विचारा.

किमतीवर पावणेदहा टक्क्यांच्या आसपास विक्रीकर लागतो आणि बसून जेवलात तर वर १८ ते २० टक्के टिप. यादीतला आकडा बघून हिशेब करू नका.

मंगळवारी विमान दुपारचं ठेवा. विमानतळावरही छोटे मंच आहेत आणि तिथे दिवसभर कुणी ना कुणी गात असतं, सुरक्षा तपासणी झाल्यावरसुद्धा. गेटवर जाऊन फोनमध्ये डोकं घालण्याआधी अर्धा तास तिथे बसा. एक-एकच्या नोटा एव्हाना उरल्या असतील, तर त्यांचं काय करायचं हे आता तुम्हाला ठाऊक आहे.